भातुकलीतली आगगाडी

"आई, या वाढदिवसाला मला ड्रेस नको. एका मासिकाची वर्गणी भरशील?"

धाकटीनं हे विचारलं तेव्हा मी भाकरी थापत होते. ऐकून बरंच वाटलं. मोबाइलमधून मान वर न काढणाऱ्या मुलांच्या काळात माझी पोर चक्क मासिक मागतेय! कौतुकानं विचारलं, "कुठलं गं?"

"रेल्वेच्या मॉडेलचं. इंग्लंडचं की अमेरिकेचं, ते अजून ठरत नाहीये."

तव्यावरची भाकरी करपली, हे वेगळं सांगायला नकोच.

मैत्रिणींनो, आमच्या पाथर्डीला रेल्वे नाही. गाडीत बसायचं तर करंजी घाट ओलांडून पन्नासेक किलोमीटरवरचं नगर गाठायचं. नगर-बीड मार्गावर १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी सुरू झाली, तीही आष्टीकडून गेली. आमच्या वाट्याला एसटी आणि जीपच. असं असताना या पोरीला रेल्वेचं वेड लागलं ते सासूबाईंमुळे. लहानपणी त्या वडिलांबरोबर पंढरीला जायच्या ते 'बार्शी लाईट'नं. छोटे डबे, दमत-भागत चालणारं इंजिन, डब्यात टाळ-मृदंग. "गाडी इतकी हळू की माणूस उतरून पुन्हा चढायचा," असं त्या सांगतात आणि आजी-नात हसत बसतात.

तीन वर्षांपूर्वी बचत गटाच्या बायकांबरोबर आळंदीला गेलो होतो. परतताना हट्टानं तिनं पुण्यात कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहायला लावलं. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून उभं राहिलेलं हे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. छोटे सिग्नल लागतात, रुळांचे सांधे बदलतात, गावात दिवे लागतात, गाड्या एकमेकींना चुकवत धावतात. आमच्या गटातल्या साठीच्या काकूही काचेला नाक लावून उभ्या होत्या!

घरी आल्यावर हिचं स्टेशन सुरू झालं. चपलांच्या खोक्यांची इमारत, ज्वारीच्या ताटांचे स्लीपर, चाळणीनं चाळलेल्या वाळूची खडी, तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांची झाडं. घरभर फेविकॉल. मी रागवायचे आणि शेजारणीला दाखवायचेही.

मग नववीच्या पहिल्या चाचणीत इंग्रजीत ती नापास झाली. कुणी फार बोललं नाही. पण 'हे' एकदाच म्हणाले, "आता ते स्टेशन पुरे." दुसऱ्या दिवशी बघते तर सगळं माळ्यावर, जुन्या चादरीत बांधून. पोर शाळेतून यायची, जेवायची, पुस्तक उघडून बसायची. बोलणं मात्र आटलं. महिला मंडळात दुसऱ्यांच्या मुलींचे प्रश्न सोडवत फिरणारी मी, माझ्याच घरातली ही शांतता मला ऐकू आली नव्हती. दोन महिन्यांनी वाढदिवसाच्या निमित्तानं ती एवढं एक वाक्य बोलली, तेव्हा ते ऐकू आलं.

'हे' म्हणाले, "दहावी तोंडावर आलीय. त्यात इंग्रजी मासिक, तेही खेळण्यांचं!" नणंदबाईंचा फोन आला, "मुलीच्या जातीला कशाला आगगाड्या?" मी त्यांना आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादवांची आठवण करून दिली. त्या १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून नाव मिळवलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. नणंदबाईंनी विषय बदलला.

पण खरं सांगू? मला कुणाचं बोलणं तितकं लागलं नाही, जितकी एक जुनी आठवण लागली. आमच्या माहेरी बालभारतीचं 'किशोर' यायचं. वर्गणी दादाच्या नावानं. वेष्टनावर त्याचं नाव. वाचायचे मीच, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, पण तो बघून झाल्यावर. माझ्या नावानं टपालानं काही आलं ते थेट लग्नानंतर, तेही सौभाग्यवती लावून. म्हणून ठरवलं, माझ्या मानधनातून वर्गणी भरायची. पण डोळे मिटून नाही. गटाचं कर्ज देताना चार प्रश्न विचारतो, तसे इथेही विचारायचे.

पहिला प्रश्न, कुठलं मासिक? अमेरिकेचं 'मॉडेल रेलरोडर' १९३४ पासूनचं, इंग्लंडचं 'रेल्वे मॉडेलर' १९४९ पासूनचं. इंग्लंडच्याच 'काँटिनेंटल मॉडेलर'मध्ये ब्रिटनबाहेरच्या देशांतल्या रेल्वेची मॉडेलं. आपल्या रेल्वे मंत्रालयाचं 'भारतीय रेल' हे हिंदी मासिक १९६० साली सुरू झालं, पण त्याचा विषय खरी रेल्वे. खोक्यातून स्टेशन कसं करायचं, हे त्याचं काम नाही.

दुसरा प्रश्न मापाचा. हा मला आधी कळेना. मग पोरीनंच भातुकलीचं उदाहरण दिलं. भातुकलीत चूल बोटाएवढी आणि कढई हाताएवढी असेल तर शोभेल का? तसंच इथं. सगळं एकाच प्रमाणात लहान करायचं. अमेरिकेत नि युरोपात 'एचओ' माप जास्त चालतं, म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग. इंग्लंडमध्ये 'ओओ', म्हणजे ७६ वा भाग. आपला रेल्वेचा डबा साधारण २२ मीटर लांब, तो 'एचओ'मध्ये २५ सेंटिमीटर होतो. दहा डब्यांची गाडी करायची तर अडीच मीटर जागा हवी. आमच्या माजघरात तेवढ्या जागेत दोन माणसं झोपतात!

आणखी एक मेख. आपल्याकडची ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर रुंद, इंग्लंड-अमेरिकेची नेहमीची रेल्वे १,४३५. तिकडची मासिकं त्या रुळांच्या हिशेबानं आराखडे देतात. आपली गाडी त्यात जशीच्या तशी बसत नाही. शिवाय अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तिकडचं पाहून तिकडचंच यंत्र मागवलं आणि इथल्या प्लगमध्ये लावलं, तर पैसे गेले आणि धोका वेगळाच. हे कळल्यावर 'हे'ही जवळ येऊन बसले. विजेचं काही निघालं की पुरुषमाणूस लांब राहत नाही!

तिसरा प्रश्न, आपल्याला त्यातून काय हवंय? इथे बार्शी लाईट मदतीला आली. ती बांधणारा इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८९७ मध्ये ती सुरू झाली, रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. याच कॅलथ्रॉपनं पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये 'लीक अँड मॅनिफोल्ड' नावाची तशीच अडीच फुटी रेल्वे उभी केली. १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. म्हणजे सासूबाईंच्या पंढरीच्या गाडीची धाकटी बहीण सातासमुद्रापार होती! तिकडचे छंदी लोक अशा अरुंद गाड्यांची मॉडेलं ७६ व्या भागाच्या मापात, ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर करतात. पोरीनं लगेच वहीत भागाकार केला. ७६२ भागिले ७६, म्हणजे दहा मिलिमीटर. एका मिलिमीटरचा फरक. "चालेल की गं आई!" दोन महिन्यांनंतर तिचा तो आवाज ऐकला.

तर मग इंग्लंडचं 'रेल्वे मॉडेलर' ठरलं.

चौथा प्रश्न पैशाचा. छापील अंकाला समुद्रापलीकडचा टपालखर्च लागतो. तो धरला की रक्कम ऐकूनच घाम फुटतो. डिजिटल अंक पुष्कळ स्वस्त पडतो. आधी एकच सुटा अंक विकत घेऊन पाहिला. भाषा झेपते का, चित्रांवरून काही करता येतं का? पहिल्या पानावर तिनं एकोणीस शब्द अधोरेखित केले, शब्दकोश काढला. आठवडाभर एकच लेख चालला, पण तो समजला. मग वर्षाचं ठरवलं.

भरताना एक काळजी घेतली, ती तुम्हीही घ्या. मागे एका ॲपवर 'पहिला महिना फुकट' म्हणून मी बटण दाबलं होतं आणि नंतर दोनदा पैसे कापले गेले. त्यावरून घरात झालेलं महाभारत अजून आठवतं. त्यामुळे या वेळी वर्गणी आपोआप पुढे चालू राहणार का, ती बंद कुठून करायची, परकीय चलनामुळे बँक वर किती घेणार, हे आधी वाचलं. पुढच्या वर्षाची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिली.

फॉर्म भरताना नावाचा रकाना आला. 'हे' म्हणाले, "कार्ड माझं आहे, माझंच नाव टाक." मी म्हटलं, "पैसे मी दिलेत. आणि वाचणार ती आहे." तिचं नाव लिहिलं. पूर्ण. डिजिटल अंकाला वेष्टन नसतं, पण दर महिन्याला तिच्या नावानं निरोप येतो. पहिला आला तेव्हा तिनं तो आजीला दोनदा वाचून दाखवला.

माळ्यावरचं गाठोडं खाली आलंय. अभ्यास आधी, स्टेशन रविवारी, असा तह झालाय. इंग्रजीत वार्षिक परीक्षेला ती काठावर पास झाली. फार मोठी झेप नव्हे, मी तसं सांगतही नाही. पण परवा आमच्या गटातल्या एका ऊसतोड बाईची मुलगी घरी आली होती. आई-वडील कारखान्यावर गेले की ती आजीजवळ राहते. या दोघी स्टेशनापुढे बसल्या होत्या. ती म्हणाली, "ताई, हितं बैलगाड्या पण ठेव ना. उसाच्या." आता आमच्या स्टेशनाबाहेर उसानं भरलेल्या दोन गाड्या उभ्या आहेत, आगपेटीच्या काड्यांच्या, ७६ व्या भागाच्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली मुलगी रेल्वेचं मागणार नाही कदाचित. पक्ष्यांचं मागेल, बुद्धिबळाचं मागेल, चित्रकलेचं मागेल. लगेच हो म्हणा असं नाही. चार प्रश्न जरूर विचारा, हिशेब तिच्यासमोर मांडा, निवड तिला करू द्या. एवढंच करा, हो म्हणालात तर वर्गणी तिच्या नावानं भरा.