सूज कोण चढवतं?

जनुकांच्या गोष्टी : लेखांक ११

जुन्नर-आंबेगावात शेतीपंपाची लाईट पुष्कळदा रात्रीच येते, म्हणून उसाला आणि कांद्याला पाणीही रात्रीच द्यावं लागतं. कुकडी आणि घोड नदीवरच्या धरणांनी या दोन तालुक्यांचा पूर्वेकडचा पट्टा बागायती केला. बागायतीत उंदीर माजले आणि उंदरांच्या मागावर घोणस बांधापर्यंत आली. अंधारात दारं धरायला गेलेल्या माणसाला पान लागतं ते असं. बिबट्या दिसला तरी त्याची बातमी होते. घोणशीच्या वाट्याला ते भाग्य नाही. देशात २००० ते २०१९ या वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली असा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं या एकाच प्रश्नाला वाहून घेतलं, त्यालाही कारण हेच.

दवाखान्यात घोणशीचा रुग्ण आला की सिस्टर सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारते आणि शेजारी वेळ लिहिते. तासाभराने दुसरी रेघ, मग तिसरी. मनगटाला लागलेलं असतं, रेघा कोपराकडे सरकतात. लस चढलेली असते, रक्त गोठायला लागलेलं असतं, तरी रेघा वरच जातात. नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो. 'एवढ्या बाटल्या चढवल्या, तरी विष वर चढतंच आहे की हो!' आजचा लेख या वाक्यातल्या चुकीबद्दल आहे. चढतेय ती सूज. ती विषाने सुरू केली हे खरं. पण पुढे ती चालवणारी यंत्रणा रुग्णाची स्वतःची असते.

आधी लशीचा हिशेब पाहू. घोड्याला विषाच्या थोड्या थोड्या मात्रा टोचल्या की त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. त्यांचीच ही लस. आपल्याकडची एकच लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. एका मिलिलिटर लशीने घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी व्हावं, असा दंडक आहे. दहा मिलिलिटरच्या दहा बाटल्या म्हणजे ६० मिलिग्रॅमची सोय. घोणस एका दंशात सरासरी साधारण तेवढंच विष सोडते, म्हणून सुरुवात बहुधा आठ-दहा बाटल्यांनी होते. लस लागू पडली की नाही, हे कळायला यंत्र लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ते वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी कलती करायची. रक्त ओघळलं तर विष अजून रक्तात आहे. गोठून जागेवर राहिलं तर गाडी रुळावर येतेय. मला ही तपासणी फार आवडते. तिला लागते फक्त एक नळी आणि कुणाच्या तरी मनगटावरचं घड्याळ.

रक्ताचं निस्तरतं, मग हाताचं का निस्तरत नाही? घोणशीच्या विषातली काही विकरं केशवाहिन्यांच्या भिंती तोडतात, काही पेशींची आवरणं फाडतात. सुजेचा पहिला वाटा या थेट नासधुशीचा. दुसरा वाटा त्यानंतरचा. कोस्टा रिकातल्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेतल्या संशोधकांनी विष टोचलेल्या उंदरांच्या जखमी स्नायूंत पाझरलेला द्रव तपासला, तेव्हा त्यात फुटलेल्या पेशींमधून बाहेर सांडलेले रेणूही सापडले. एरवी पेशीच्या आत असणारा रेणू बाहेर दिसणं हाच शरीराला धोक्याचा इशारा असतो. लशीतली प्रतिपिंडं सापाचं विष ओळखतात. रुग्णाच्याच पेशींचा हा मालमसाला त्यांच्या हिशेबात नसतो.

हा इशारा पेशीच्या आवरणावरच्या ग्राहकांना लागला की आत निरोपांची साखळी सुरू होते, आणि तिच्या मध्यावर आजचं आपलं जनुक बसलेलं आहे. त्याचं नाव आयकेबीकेबी, पत्ता आठव्या गुणसूत्राची आखूड भुजा. त्यावरून ७५६ अमिनो आम्लांचं एक प्रथिन तयार होतं, आयकेके-बीटा. ते कायनेज आहे, म्हणजे एटीपीमधला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला चिकटवणं हे त्याचं काम. माणसात अशी पाचशेच्या वर कायनेजं आहेत; प्रत्येकाची गिऱ्हाइकं वेगळी.

आयकेके-बीटाचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे आय-कप्पा-बी. एरवी हे प्रथिन एनएफ-कप्पा-बी नावाच्या दांडग्या प्रथिनाला, दाव्याने बैल बांधावा तसं, पेशीच्या केंद्रकाबाहेर बांधून ठेवतं. कायनेज दावं स्वतः सोडत नाही. ते दाव्यावर दोन ठरलेल्या जागी फॉस्फेटची खूण करतं. खूण दिसली की पेशीतली मोडतोड यंत्रणा त्या दाव्याचे तुकडे करते. मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून शेकडो जनुकं जागी करतं. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ असे दाहाचे निरोपे भराभर तयार होतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, पाणी आणि पांढऱ्या पेशी ऊतींमध्ये उतरतात, आणि सिस्टरची रेघ पुढे सरकते. गंमत म्हणजे त्याच वेळी नवं आय-कप्पा-बी तयार करण्याचा हुकूमही एनएफ-कप्पा-बीच देतं, म्हणजे स्वतःला पुन्हा बांधायची सोय करूनच ते कामाला लागतं. जखमेत मात्र इशारे येतच राहतात, त्यामुळे सूज दोन-तीन दिवस चढती राहू शकते.

एनएफ-कप्पा-बी १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं. पुढे १९९४ मध्ये एलिझाबेथ कॉप आणि संकर घोष यांनी ॲस्पिरिन त्याला अडवतं असं दाखवलं, आणि १९९८ मध्ये ॲस्पिरिनचा तो घाव नेमका आयकेके-बीटावर बसतो हेही कळलं. अर्थात नेहमीच्या गोळीपेक्षा बऱ्याच मोठ्या मात्रेत. मग घोणशीच्या रुग्णाला ॲस्पिरिन का देत नाहीत? कारण घोणशीने त्याचं रक्त आधीच न गोठणारं करून ठेवलेलं असतं आणि ॲस्पिरिन त्यात भर घालतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल देतात ते म्हणूनच. घरच्यांनी वाटेत कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नये.

बरं, या कायनेजलाच नेमकं गप्प करणारं औषध केलं तर? कंपन्यांनी प्रयत्न केले. पण हे जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्लं यकृत नासून गर्भातच मरतात, हे १९९९ सालीच दिसलं होतं. माणसाचा दाखला २०१३ मध्ये आला. कॅनडातल्या क्री आदिवासी समाजातल्या चार घरांतल्या चार बाळांमध्ये या जनुकात एक अक्षर जादा पडलं होतं आणि प्रथिन बनतच नव्हतं. रक्तातल्या टी आणि बी पेशींची गणती जवळपास ठीक; पण त्या पेशी अननुभवी, धोक्याला दाद न देणाऱ्या. बाळांना जिवाणू, विषाणू, बुरशी असे सगळेच संसर्ग जिवावर बेतणारे झाले. ज्या प्रथिनाने हात सुजतो, त्याच्याविना माणूस साध्या जंतूंपुढे टिकत नाही. त्यातून घोणशीची जखम म्हणजे मेलेल्या मांसाची, जंतूंना आवडणारी जागा. तिथे हे कायनेज बंद पाडणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही, आणि केवळ त्याच्यासाठीचं औषध आजवर दुकानापर्यंत पोचलेलंही नाही.

त्यामुळे संशोधकांचं लक्ष साखळीच्या सुरुवातीकडे, म्हणजे विषाकडेच गेलं आहे. पेशींची आवरणं फाडणाऱ्या विकराला रोखणारं व्हॅरेस्प्लाडिब भारतात आणि अमेरिकेत रुग्णांवर तपासून झालं. मुख्य कसोटीवर निर्विवाद यश मिळालं नाही, पण कल्पना जिवंत आहे. तोवर लस जितकी लवकर तितकी नासधूस कमी, आणि नासधूस कमी तितके इशारेही कमी. आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावातून घोडेगाव किंवा मंचर गाठण्यात जाणारा वेळ म्हणून महाग पडतो. देवळात थांबण्यात गेलेला वेळही तसाच. दोर आवळल्याने हे निरोप थांबत नाहीत, कारण ते प्रत्येक पेशीच्या आत चाललेले असतात. थांबतो तो सुजलेल्या हाताचा रक्तपुरवठा. ब्लेडने चिरलं तर न गोठणारं रक्त वाहतच राहतं. आणि रक्त गोठू लागल्यावर निव्वळ सुजेसाठी लशीच्या आणखी बाटल्यांचा हट्ट धरण्यात अर्थ नसतो.

पुढच्या आठवड्यात जॅक-२ : करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, बॅरिसिटिनिबला आपल्याकडे तातडीची परवानगी मिळाली, ती ज्या कायनेजांना रोखण्यासाठी, त्यांपैकी एक.