टप्प्याटप्प्याने संगणकीकरण

कागदी नस्त्यांच्या जागी संगणक आणण्याच्या योजनेवर अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपास संस्थेने सुमारे १७ कोटी डॉलर खर्च केले. परंतु गरजा वारंवार बदलत गेल्या आणि २००५ मध्ये ती योजना सोडून द्यावी लागली. २००६ मध्ये हाती घेतलेली ‘सेंटिनेल’ योजनाही रखडली. अखेर २०१० मध्ये संस्थेने काम स्वतःकडे घेऊन ‘अजाइल’ पद्धती अवलंबिली. या पद्धतीत संपूर्ण आराखडा आधीच कायम केला जात नाही. साधारणतः दोन आठवड्यांत एक छोटा भाग तयार करून तो प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना दाखविला जातो. चूक, दुरुस्ती स्वस्त असतानाच, उघडकीस येते. निविदेच्या कागदावर ती क्वचितच दिसते. जुलै २०१२ मध्ये सेंटिनेल कार्यान्वित झाली.