शिफारशीमागचे गणित : वाणांच्या उत्पादनातील फरक कसा पारखावा?



‘अमुक वाणाने हेक्टरी एक क्विंटल जादा उतारा दिला’ असे कानावर आले की आपण पुढच्या हंगामात सगळे बियाणे बदलायला निघतो. परंतु तो जादा क्विंटल वाणाचा, की जमिनीचा? एकाच शेतात कोठे मुरूम वर आलेला असतो, कोठे माती खोल असते, तर पाटालगत ओल अधिक टिकते. नवे वाण चांगल्या जागी पडले तर कमाई जमिनीची आणि नाव वाणाचे होते. हा घोळ निस्तरणे हेच कृषी विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञाचे काम होय.

प्रयोगाची आखणी

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी शेतीप्रयोगांची शास्त्रीय पद्धत बसवली. प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत पुन्हा पुन्हा घ्यावे, कोणते वाण कोणत्या वाफ्यात हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि सारख्या जमिनीचे वाफे एका गटात ठेवावेत, ही तिची तीन सूत्रे. आपल्याकडे डॉ. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९५४ साली या विषयावर लिहिलेला ग्रंथ कृषी संशोधकांच्या पिढ्यांनी वापरला.

एक उदाहरण

समजा, हरभऱ्याचे जुने व नवे वाण शेजारी शेजारी एकेक गुंठ्याच्या पाच जोड्यांत पेरले. उत्पादन किलोमध्ये असे मिळाले :

जुने : २०, १८, २२, १७, २३ (सरासरी २०)
नवे : २३, १७, २४, १९, २२ (सरासरी २१)

सरासरी फरक गुंठ्याला १ किलो, म्हणजे हेक्टरी सुमारे १ क्विंटल. पण जोड्या पाहा. तीन ठिकाणी नवे वाण पुढे, तर दोन ठिकाणी मागे. या चढउतारावरून हिशेब केला असता किमान २.३ किलो फरक असेल तरच तो खरा धरता येतो. या मर्यादेला ‘क्रांतिक फरक’ म्हणतात. अहवालात तो ‘सी. डी.’ या अक्षरांनी दाखवतात. वाणांत मुळात फरक नसताना केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शेकडा ५ इतकीच असते.

येथे १ किलोचा फरक या मर्यादेच्या आत आहे. म्हणून नवे वाण वाईट ठरत नाही. ते सरस असल्याचा पुरावा मात्र अपुरा आहे. अशा वेळी बियाण्याचा खर्च, पक्वतेचा कालावधी आणि मर रोगाला प्रतिकार पाहून निवड करावी.

आपल्या शेतावर काय करावे?

१) नवे वाण प्रथम थोड्या क्षेत्रावर, जुन्याच्या शेजारी घ्यावे.
२) निदान पाच जोड्या कराव्यात. जोडीतील कोणत्या पट्ट्यात कोणते वाण, हे नाणे उडवून ठरवावे.
३) पेरणीची तारीख, अंतर, खत व पाणी सारखे ठेवावे.
४) कडेच्या ओळी सोडून सारखे क्षेत्र कापावे व प्रत्येक पट्ट्याचे वजन वेगळे लिहावे.
५) एका हंगामावर निर्णय घेऊ नये. पाऊसमान बदलले की वाणांचा क्रमही बदलू शकतो.

वजनांची ही वही घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे व क्रांतिक फरक काढून घ्यावा. सगळ्या शेताचे बियाणे बदलण्याआधी केलेला हा हिशेब एका हंगामाचा तोटा टाळू शकतो.