‘स्टार ट्रेक’मधील चंडीगड : कादंबऱ्यांतील इतिहास कितपत ‘प्रमाण’?

चंडीगड : ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या या शहराच्या कोणत्याही नकाशावर ‘महान खानाचा राजवाडा’ आढळत नाही. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथामालेच्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांना मात्र तो परिचित आहे. ग्रेग कॉक्स यांच्या ‘द युजेनिक्स वॉर्स’ या दोन खंडांच्या कादंबरीत (२००१ व २००२) खान नूनियन सिंग या पात्राच्या सत्तेचे केंद्र चंडीगड येथे दाखविण्यात आले आहे. हा राजवाडा मूळ कथेचा भाग मानावा की नाही, हा चाहत्यांमधील जुना वाद आहे. ज्या भूमीवर ही कथा बेतली आहे, तेथील वाचकांसाठी या वादाला आणखी एक पदर आहे.

खान कोण?

१६ फेब्रुवारी १९६७ रोजी प्रसारित झालेल्या ‘स्पेस सीड’ या भागात खान प्रथम अवतरला. शास्त्रज्ञांनी घडविलेला हा महामानव १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या एक चतुर्थांशाहून अधिक भागावर राज्य करतो, पराभवानंतर अंतराळयानातून पलायन करतो आणि सुमारे दोन शतकांनी जागा होतो, अशी ती कल्पना होती. तो उत्तर भारतीय, बहुधा शीख असावा, असा तर्क यानावरील इतिहासतज्ज्ञ स्त्री व्यक्त करते. त्याच्या भारतीयत्वाविषयी त्या भागात यापलीकडे फारसे काही नाही.

कथेच्या आरंभीच्या मसुद्यात हे पात्र नॉर्डिक वंशाचे होते. पुढे त्याला भारतीय नाव मिळाले आणि मेक्सिकोत जन्मलेले अभिनेते रिकार्डो मोंटाल्बान यांनी ते साकारले. शीख पुरुषाची परिचित ओळख असलेली दाढी त्याला नाही. पगडी दिसते ती केवळ एका चित्रात. १९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटाने पात्राची लोकप्रियता वाढविली, परंतु त्याच्या भारतातील पूर्वायुष्यावर प्रकाश टाकला नाही.

कादंबरीने काय केले?

१९९६ उलटले, तरी प्रत्यक्ष जगात महामानवांचे युद्ध झाले नाही. ही अडचण सोडविण्यासाठी कॉक्स यांनी ‘गुप्त इतिहासा’चा मार्ग स्वीकारला. युद्ध झाले, पण ते ज्ञात घटनांच्या पडद्याआड, अशी त्यांची मांडणी आहे. त्यानुसार महामानव घडविणारा प्रकल्प राजस्थानच्या वाळवंटाखाली चालतो. त्याचा स्फोटात झालेला नाश जगाला १८ मे १९७४ ची भारताची पहिली अणुचाचणी म्हणून ठाऊक होतो. किशोरवयीन खान १९८४ मध्ये दिल्लीतील शीखविरोधी हिंसाचारात सापडतो आणि पुढे चंडीगडमधून जगावर सत्ता गाजवू पाहतो. पडद्यावर केवळ नावापुरता भारतीय असलेल्या खानाला माता, बालपण आणि भूगोल मिळाला तो या कादंबरीत.

कॉमिक्सची भूमिका

२०१३ च्या ‘इन्टु डार्कनेस’ चित्रपटात ब्रिटिश अभिनेते बेनेडिक्ट कंबरबॅच यांनी खान साकारला. भारतीय पात्रासाठी गौरवर्णीय अभिनेता निवडल्याबद्दल टीका झाली. त्याच वर्षी आयडीडब्ल्यू या प्रकाशनसंस्थेच्या ‘खान’ या पाच अंकी कॉमिक्सने उत्तर दिले: एका गुप्त संघटनेने शस्त्रक्रियेने त्याचा चेहरा बदलला आणि स्मृती पुसली. काही चाहत्यांनी हे स्पष्टीकरण चतुर मानले, तर काहींच्या मते ती पात्रनिवडीतील चुकीवर केलेली मलमपट्टी होती.

खानाच्या परग्रहावरील वनवासाचेही एकाहून अधिक वृत्तान्त आहेत. कॉक्स यांची ‘टू रेन इन हेल’ ही कादंबरी २००५ मध्ये, तर आयडीडब्ल्यूचे ‘रूलिंग इन हेल’ हे कॉमिक्स २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच कालखंडाची ही दोन स्वतंत्र कथने असल्याने कोणते ग्राह्य धरावे, हा प्रश्न उरतो.

‘प्रमाण’ म्हणजे काय?

अशा वादांत मुख्य प्रश्न ‘प्रमाण’ कथेचा असतो. ‘स्टार ट्रेक’चा सर्वसाधारण नियम असा की, पडद्यावर जे घडते ते प्रमाण, कादंबऱ्या आणि कॉमिक्स अधिकृत परवान्याने प्रसिद्ध होत असले तरी ते पुढील मालिकांवर बंधनकारक नाहीत. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत लुकासफिल्मने एप्रिल २०१४ मध्ये पूर्वीच्या कादंबऱ्या व कॉमिक्स प्रमाण कथेबाहेर ठेवून त्यांना ‘लिजंड्स’, म्हणजे आख्यायिका, असे नाव दिले. महाभारताची मूळ संहिता आणि प्रक्षिप्त भाग यांविषयीची चर्चा मराठी वाचकांना नवी नाही. फरक एवढाच की, येथे निवाडा पाठचिकित्सेने नव्हे, तर हक्कधारक कंपनीच्या निर्णयाने होतो.

त्याचा प्रत्यय २९ जून २०२३ रोजी आला. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ मालिकेच्या त्या दिवशीच्या भागात बालवयीन खान एकविसाव्या शतकातील टोरांटोत दाखविण्यात आला. काळातील हस्तक्षेपांमुळे १९९२ च्या घटना पुढे ढकलल्या गेल्या, असा खुलासाही देण्यात आला. परिणामी १९७४ ची अणुचाचणी, १९८४ ची दिल्ली आणि चंडीगडचा राजवाडा, हा कादंबरीतील सारा क्रम पडद्यावरील इतिहासाशी विसंगत ठरला. २०२५ च्या सप्टेंबरपासून प्रसारित झालेल्या ‘खान’ या श्राव्य मालिकेत केरळी कुटुंबात जन्मलेले ब्रिटिश अभिनेते नवीन अँड्र्यूज यांनी खानाला आवाज दिला. हे कथानक मात्र वनवासाचे आहे.

भारतीय वाचकासाठी काय?

अमेरिकी वाचकाला कॉक्स यांची कादंबरी हे कालगणनेचे कुशल कोडे वाटू शकते. पंजाब, चंडीगड व दिल्लीतील अनेकांसाठी ती वर्षे स्मरणातील आहेत. १९८४ च्या हिंसाचारात एकट्या दिल्लीत अधिकृत आकडेवारीनुसार २,७३३ जण मारले गेले. कादंबरीतील खान ज्या काळात चंडीगडमधून सत्ता चालवतो, त्याच काळात, ३१ ऑगस्ट १९९५ रोजी, येथील सचिवालयाबाहेर झालेल्या बॉम्बस्फोटात मुख्यमंत्री बेअंतसिंग आणि अन्य १६ जणांचा मृत्यू झाला.

खऱ्या दुःखाला काल्पनिक कारण जोडल्याने ते हलके होते, असा आक्षेप येथे घेता येतो. दुसरीकडे, शीख म्हणून ओळख करून दिलेल्या पात्राचे आयुष्य १९८४ ला वगळून लिहिणे अधिक अप्रामाणिक ठरले असते, असेही म्हणता येते. कादंबरी प्रमाण कथेबाहेर गेल्याने हा प्रश्न निकाली निघत नाही. उलट खानाचे बालपण टोरांटोला गेल्यावर पडद्यावरील कथेत तो विचारण्याचा प्रसंगच उरला नाही. खानाचा भारत ज्यांना वाचायचा आहे, त्यांना आजही या ‘अप्रमाण’ पुस्तकांकडेच वळावे लागते.