नागपूरच्या कातळाखालचा मंद थर

नागपूर शहर दक्खनच्या लाव्हाप्रदेशाच्या पूर्व कडेवर वसलेले असल्यामुळे तेथे भूकंपतरंगांचा वेग काही किलोमीटरच्या अंतरातच बदलतो. पश्चिमेला सीताबर्डीच्या टेकडीसारखा काळा बेसॉल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने नाइस, म्हणजे उष्णता व दाबाने रूपांतर झालेले पट्टेदार खडक, आणि उत्तरेला कामठीकडे कोळसा पोटात घेतलेले गोंडवनी वालुकाश्म आढळतात.

खडकाला दाबत आणि ताणत पुढे सरकणारे प्राथमिक तरंग घट्ट बेसॉल्टमधून सेकंदाला साधारण 5 ते 6 किलोमीटर, वालुकाश्मातून बहुधा 2 ते 4, तर कोळशातून जेमतेम 2 ते 2.5 किलोमीटर वेगाने जातात. जड खडकात वेग अधिक, हा समज मात्र फसवा आहे. नुसती घनता वाढली तर वेग घटतो, परंतु बेसॉल्टचा ताठरपणा, म्हणजे आकारबदलाला होणारा विरोध, घनतेच्या मानाने बराच जास्त असतो. हाच बेसॉल्ट वायूच्या पोकळ्यांनी सच्छिद्र असला किंवा झिजून त्याचा मुरूम झाला, की वेग निम्म्यावर किंवा त्याखाली येतो.

पायाच्या पाहणीत जमिनीवरील लोखंडी पट्टीवर घणाचा घाव घालून ओळीने मांडलेल्या जिओफोनवर, म्हणजे कंपन टिपणाऱ्या संवेदकांवर, तरंग पोचण्याची वेळ नोंदली जाते. काळी माती, मुरूम आणि कातळ असा वेग खोलीबरोबर वाढत असेल, तर कातळाच्या माथ्यावरून धावलेला तरंग दूरच्या जिओफोनवर सर्वांआधी पोचतो आणि त्यावरून मातीची जाडी काढता येते. सावनेरच्या बाजूस मात्र वेगवान बेसॉल्टखाली मंद गोंडवनी थर आहेत; तेथे तरंग खालच्या थरात शिरताना आणखी खाली वळतो, त्या थराच्या माथ्यावरून धावत परत येत नाही, आणि ज्या थरात कोळसा शोधायचा तोच या पद्धतीला दिसत नाही. खोलवरचा अधिक वेगवान खडक दिसला, तरी मधला मंद थर हिशेबातून निसटल्याने त्याची खोली वाजवीपेक्षा जास्त ठरते.

अशा ठिकाणी छिद्रण टाळता येत नाही. विंधनछिद्रात जिओफोन उतरवून पृष्ठभागावरच्या आघाताची वेळ टप्प्याटप्प्याने मोजली, तर बेसॉल्टमधील 100 मीटरला सुमारे 20 मिलिसेकंद आणि त्याखालील वालुकाश्मात तेवढ्याच अंतराला 30 ते 40 मिलिसेकंद लागलेले दिसतात.