सारखं म्हणजे नेमकं कसं?

गेल्या वर्षी आमची आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी साउथहॅम्प्टनला आली आणि पंधराव्याच दिवशी पहाटे पोट धरून बसली. "सारखं दुखतंय रे," एवढंच म्हणाली. आम्ही तडक इस्पितळ गाठलं. डॉक्टर तरुण आणि मोठे अगत्यशील. दुभाषी हवा का, असंही त्यांनी विचारलं. आम्हाला या देशात तेवीस वर्षं झालेली, दुभाषी कशाला? ऐटीत सांगून टाकलं, "पेन इज कंटिन्युअस."

डॉक्टर लिहू लागले. आई आमच्या तोंडाकडे बघत होती.

"काय सांगितलंस त्यांना?"

"सारखं दुखतंय म्हणून सांगितलं."

"अरे, सारखं दुखत नाही. सारख्या कळा येतात!"

आम्ही घाईघाईने दुरुस्ती केली आणि डॉक्टरांचं पेन (लिहिण्याचं!) थांबलं. या घटकेला दुखतंय का, हे विचारा म्हणाले. दुखत नव्हतं. थोड्या वेळाने मात्र अशी कळ आली की आईने आमचा हात घट्ट धरला. सलग दुखणं वेगळं आणि थांबून थांबून येणाऱ्या कळा वेगळ्या. दोन्हींवरून डॉक्टरांना वेगवेगळ्या शंका येतात. पुढे तपासण्या झाल्या आणि मुतखडा निघाला. आई बरी झाली, पण आमची ऐट त्या दिवशी जी उतरली ती उतरलीच.

घरी आल्यावर शब्दकोश काढून बसलो. न थांबणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजीत किती शब्द! कंटिन्युअस, कंटिन्युअल, इन्सेसंट, पर्पेच्युअल, एव्हरलास्टिंग, इंटरमिनेबल. शाळेत मास्तरांनी हे सगळे एका दमात पाठ करून घेतले होते आणि सगळ्यांचा अर्थ एकच सांगितला होता: 'सतत'. पहिल्या दोन शब्दांचा फरक फाउलर नावाच्या गृहस्थांनी 1926 साली आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात नेमका सांगून ठेवला आहे. कंटिन्युअस म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत मध्ये खंड नाही. शेवट मात्र असू शकतो. कंटिन्युअलला मध्ये खंड चालतो; फक्त ते संपण्याचं लक्षण दिसत नाही.

हे वाचलं आणि आम्हाला गावचा अखंड हरिनाम सप्ताह आठवला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहारे बदलायचे, रात्री दोन वाजताही देवळात कोणीतरी उभं. आणि मग काल्याचं कीर्तन झालं की सप्ताह संपतो. कोणी म्हणत नाही की 'अखंड' होता तर संपला कसा! अखंड म्हणजे खंड नसलेला, अनंत म्हणजे अंत नसलेला. फाउलरसाहेबांचा अर्धा धडा आपल्या देवळात होताच की. घोटाळा करतो तो आपला रोजचा 'सारखं'. 'सारखा रडतो' म्हटलं तर मूल तासभर टाहो फोडतंय की उठसूट भोकाड पसरतंय, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं. घरात ओळखतातही. इस्पितळात कसं ओळखणार?

बाकीच्या शब्दांचंही असंच. इन्सेसंटमध्ये बहुधा वैताग असतो: इथला हिवाळी पाऊस, शेजारचं कुत्रं. पण मराठीला तेवढ्याने भागत नाही. श्रावणात झड लागते, आषाढात संततधार, आणि साउथहॅम्प्टनला नोव्हेंबरात जे चालतं ती निव्वळ रिपरिप. माणसांकडे वळलो तर मुलांची भुणभुण, म्हाताऱ्यांची कुरकुर, एखाद्याचं टुमणं आणि एखादीची टकळी. (इंटरमिनेबल हा शब्द आम्ही मंडळाच्या वार्षिक सभेतल्या भाषणांसाठी राखून ठेवला आहे.) आमच्या नातीला मात्र या सगळ्यांसाठी एकच शब्द पुरतो: नॉन-स्टॉप. पाऊसही नॉन-स्टॉप, पणजीही नॉन-स्टॉप.

आमच्या सौ.ची फजिती 'पेरेनिअल'ने केली. लॅटिनमधून आलेला हा शब्द मुळात 'वर्षभर टिकणारा', म्हणजे थेट आपला बारमाही. बारमाही नदीला तो चपखल बसतो. त्या भरवशावर सौ.नी पेरेनिअल लिहिलेली सहा रोपं आणली आणि डिसेंबरात मातीखेरीज कुंडीत काही दिसेना. सौ. दुकानात तक्रार घेऊन निघाल्याच होत्या. इथल्या बागवानांच्या भाषेत पेरेनिअल म्हणजे दोन वर्षांहून जास्त जगणारं झाड. त्यातली पुष्कळशी हिवाळ्यात जमिनीवर दिसत नाहीत, मुळं तेवढी जिवंत असतात. मार्चमध्ये कोंब वर आले, तेव्हा सौ.चा राग गेला.

आई हिंडूफिरू लागल्यावर तिला मेफ्लॉवर पार्कला, पाण्याच्या काठी घेऊन गेलो. जवळच्या कन्यूट रोडच्या नावावरून राजाची गोष्ट सांगितली. 1016 ते 1035 इंग्लंडवर राज्य करणाऱ्या या राजाने खुर्ची समुद्रकाठी मांडून भरतीला थांब म्हणून हुकूम सोडला, आणि पाय भिजल्यावर खुशमस्कऱ्यांना राजाच्या सत्तेची मर्यादा दाखवली. बाराव्या शतकात ही गोष्ट लिहिणाऱ्याने गावाचं नाव दिलेलं नाही. साउथहॅम्प्टनने ती आपलीशी केली आहे, आणखी दोन-तीन गावांनीही.

आई बराच वेळ पाण्याकडे बघत होती. "राजाचं ऐकलं नाही म्हणतोस, मग हे पाणी थांबलंय कसं?"

पाणी खरोखरच हलत नव्हतं. आमच्या बंदरात भरती दुबार येते. एकदा पाणी पूर्ण चढतं, किंचित उतरतं, आणि साधारण दोन तासांनी पुन्हा चढतं. लोक त्याचं श्रेय वाइट बेटाला देतात, पण खरं कारण इंग्लिश चॅनलच्या उथळपणात आहे. साधारण बारा तासांची मूळ लाट उथळ पाण्यात वेडीवाकडी होते आणि सहा तासांची एक धाकटी लाट तिच्यात मिसळते. आमच्या बाजूला मूळ भरती बेताची, म्हणून धाकटीचा जोर दिसतो. मोठ्या जहाजांची त्यामुळे चांगलीच सोय झाली.

हे सगळं आम्ही हातवारे करून समजावलं.

"म्हणजे थांबलेलं नाही," आई म्हणाली, "जरा कळ काढतंय." आणि तिने पिशवीतून थर्मास काढला.