विश्लेषण : विश्रांतवाडीत धो धो, धानोरी कोरडी, मॉडेलला वळीव का सापडत नाही?

पुणे : एप्रिल-मेमध्ये दिवसभर अंगाची लाही लाही होते, संध्याकाळी आभाळ भरून येते आणि विश्रांतवाडीत वळीव कोसळतो. शेजारच्या धानोरीत मात्र कधी कधी रस्ते कोरडेच राहतात. मोबाइलवर पाऊस दाखवलेला असतो दुपारचा! अंदाज नेमका कुठे हुकतो? समजून घेऊया.

वळीव तयार कसा होतो?
तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते. भूगोलाच्या पुस्तकातला हाच ‘आरोह पाऊस’. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सिअसने थंड होते. ढग धरला की बाष्पाचे पाणी होते आणि उष्णता बाहेर पडते. त्यामुळे उष्ण कटिबंधात खालच्या थरांत ही घट ४ ते ५ अंशांवर येते. भोवतालच्या हवेपेक्षा गरम राहिलेला ढग मग दहा किलोमीटरच्याही वर चढतो.

मग मॉडेल अडते कुठे?
मॉडेल पृथ्वीच्या चौकटी पाडून प्रत्येकीचे गणित करते. हवामानबदलाच्या जागतिक मॉडेलमध्ये एक चौकट साधारण १०० किलोमीटरची असते. म्हणजे ताम्हिणी घाट आणि विश्रांतवाडी एकाच चौकटीत! ढगातला वर चढणारा झोत मात्र जेमतेम काही किलोमीटर रुंद. तो चौकटीत दिसतच नाही, म्हणून त्याचा परिणाम ठोकताळ्याने धरतात.

स्युकुरो मानाबे यांनी १९६४ मध्ये सोपा नियम वापरला. उंचीनुसार तापमान दर किलोमीटरला ६.५ अंशांपेक्षा जास्त घटू लागले, की ते त्या मर्यादेत आणायचे. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आजची सूत्रे बरीच पुढची आहेत, पण ठोकताळेच. म्हणून अनेक मॉडेल संध्याकाळचा पाऊस दुपारीच पाडतात आणि मुसळधारेऐवजी रिमझिम दाखवतात.

पुण्यात काय सुरू आहे?
पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ विकसित केली. २६ मे २०२५ रोजी ती देशासाठी खुली झाली. चौकट १२ वरून ६ किलोमीटरवर आली. म्हणजे १४४ चौरस किलोमीटरच्या जागी ३६. घाट आणि शहर आता वेगळे दिसतात. मात्र एकेक ढग पकडायला ६ किलोमीटरही मोठेच. चौकट निम्मी केली की गणित कित्येक पटींनी वाढते. त्यासाठी संस्थेत ‘अर्का’ हा महासंगणक आहे.

तापमानवाढीशी काय संबंध?
जमीन-समुद्र तापले की ढग ती उष्णता वर नेतात. त्यामुळे उष्ण कटिबंधात १० किलोमीटरच्या आसपास वाढ जमिनीपेक्षा जास्त होते. अनेक मॉडेल ती फुगे आणि उपग्रहांच्या नोंदींपेक्षाही जास्त दाखवतात. वरची हवा किती तापणार, यावर ढग किती जोर धरणार हे ठरते. म्हणजे हा ठोकताळा उद्याच्या छत्रीपुरता नाही. पुढच्या पन्नास वर्षांच्या पावसाचा हिशेबही त्यावरच उभा आहे.

तोवर काय करायचे?
वळिवाच्या दिवसांत सकाळच्या अंदाजावर विसंबू नका. हवामान विभागाचा पुढच्या काही तासांचा इशारा पाहा. विजांसाठी याच संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवा.